वरची कवळी

कवळीवाल्याला मासे पकडायची मुळीच आवड नव्हती. त्याला घराबाहेर बसायची आवड होती. पण पन्नाशीचा माणूस नदीकाठी नुसता बसलेला दिसला की लोक त्याच्या बायकोकडे जाऊन काळजीने चौकशी करतात. त्याच माणसापुढे एक काठी, काठीला दोरी आणि दोरीला गळ असला की तो छंदिष्ट ठरतो. म्हणून दर रविवारी जेवण झालं की कवळीवाला काठी उचलायचा.

जागा ठरलेली होती. बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे नदी वळण घेते, तिथे जुन्या होडीच्या धक्क्याच्या पायऱ्या होत्या. पाच पाण्याबाहेर, चार पाण्यात. निदान दिसत तरी चार होत्या. पुढे पाणी जाड आणि तपकिरी होतं. ते वाहतं आहे हे एखादं पान वरून गेल्याशिवाय कळत नसे.

तिथे पोस्टमन आधीच येऊन बसलेला असे. निवृत्त होऊन त्याला आठ वर्षं झाली होती, पण समोरच्या माणसाचा पत्ता चुकलाय अशा नजरेने बघायची त्याची सवय गेली नव्हती. शिंगाळ्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. शिंगाळा हा मिशावाला, बिनखवल्यांचा, तळाच्या चिखलात राहणारा मासा. डोळे शर्टाच्या बटणाएवढे, तोंड मात्र चपलेएवढं. तो बघून खात नाही, वासावर येतो. म्हणून पोस्टमन कोंबडीची कलेजी दोन दिवस उन्हात ठेवायचा आणि ती गळावरून सुटू नये म्हणून दोऱ्याने बांधायचा. कवळीवाल्याने त्यात एक सुधारणा केली होती. दातांच्या फटी साफ करायचा मेणाचा दोरा. तो पाण्यात भिजून सुटत नसे. मासेमारीला त्याने दिलेली देणगी एवढीच.

कलेजी बांधायची, शिसं लावायचं, गळ लांब फेकायचा, काठी बेचक्यात टेकवायची आणि तिच्या टोकाला चिमुकली घंटी अडकवायची. मग बसायचं.

"वाजली की लगेच ओढायचं नाही," पोस्टमनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "नवशिके तिथंच फसतात. शिंगाळा आधी नुसतं तोंडात धरतो. धरून लांब जातो आणि बसतो. तेव्हा ढील द्यायची. त्याला वाटलं पाहिजे की हे आपलंच आहे."

"आणि मग?"

"मग गिळतो. गिळलं की स्वतःहून चालायला लागतो. तेव्हा दोरीतली ढील हळूच काढून घ्यायची. ओढायचं नाही, फक्त ढील काढायची. पुढचं सगळं तो करतो."

"किती वेळ लागतो?"

"ते त्याच्या भुकेवर. तुला कुठं कामावर जायचंय?"

कामावर जायचं असे, पण ते सोमवारी, आणि चार पावलांवर. गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई बोळक्या तोंडांचे ठसे घेऊन डब्यातून त्याच्याकडे पाठवत. तो ठशात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणात दात मांडायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी अॅक्रिलिक भरून शिजवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. सव्वीस वर्षांत त्याने गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना हसायला लावलं होतं, आणि त्यातला एकही त्याला रस्त्यात ओळखत नव्हता. म्हणून त्याने एक माज केला होता. कवळीच्या जिभेकडच्या बाजूला, डाव्या शेवटच्या दाढेमागे, तो सुईने तीन ठिपके टोचायचा. त्रिकोणात. ही त्याची सही. ती डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हती आणि बायकोला तर सांगण्यात अर्थच नव्हता.

हे सगळं काम तो स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात, दोन फूट रुंद टेबलावर, ट्यूबलाइटच्या उजेडात करायचा. दातांची छटा बघायला उत्तरेचा उजेड लागतो. घरात उत्तरेची खिडकी एकच होती, मोठी, कडेला रुंद कठडा असलेली. त्या खिडकीत सासूबाई बसत.

सासूबाई सात वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. आल्या तेव्हा त्यांच्या तोंडात वरचा एकही दात नव्हता, आणि जावई कवळ्या करतो म्हटल्यावर त्यांनी साहजिकच एक मागितली. माणसं दातांच्या कण्या करतात. सासूबाईंना ती सोय नव्हती, म्हणून त्यांनी सात वर्षं हिरड्यांच्या केल्या. कवळीवाला दर वेळी "या आठवड्यात जरा गर्दी आहे" म्हणायचा. त्याचा हिशेब सरळ होता. दात नसताना सासूबाईंचं बोलणं निदान मऊ होऊन बाहेर यायचं.

"सगळ्या गावाला दात," सासूबाई खिडकीतून म्हणत, "आणि घरच्या म्हातारीला खिमट."

"आई, पुढच्या महिन्यात नक्की."

"कुठल्या वर्षीच्या, जावईबापू?"

त्या रविवारी त्याला सव्वादोन किलोचा शिंगाळा लागला. बाहेर काढल्यावर शिंगाळा कुरकुर आवाज करतो, कुणी बंद दाराआड तक्रार करत असल्यासारखा. हा गप्प होता. त्याने घरी मोरीशेजारच्या फळीवर त्याचं पोट चिरलं. चिखलाचा वास आला, थोडी अर्धवट पचलेली चिंगळी निघाली, आणि मग सुरीचं टोक कशावर तरी टकटकलं.

वरची कवळी होती. पूर्ण, चौदा दातांची.

त्याने ती नळाखाली धरली. पुलावरून ओकताना कुणाची तरी पडली असणार. असं होतं, डॉक्टरीणबाईंकडे दरवर्षी एकदोन जण हे कारण सांगत येतात. काम चांगलं होतं. दात कुठे सुरू होतो आणि हिरडी कुठे संपते ते कळत नव्हतं. त्याला थोडी असूया वाटली. मग त्याने ती उलटी केली. डाव्या शेवटच्या दाढेमागे तीन ठिपके होते.

आपण केलेली प्रत्येक कवळी त्याला आठवत होती. माणूस चेहऱ्यांवर जगतो तसा तो टाळूंवर जगत होता. ही त्याने केलेली नव्हती. आणि तो गुलाबी रंग जरा गडद, जांभळ्याकडे झुकणारा होता. त्या छटेचा डबा परवाच आला होता. फळीवर होता. त्याचं सील अजून फोडलेलं नव्हतं.

कवळीवाला विचारी माणूस होता. विचारी माणसाला न सुटणारी गोष्ट दिसली की तो तिला खणात ठेवतो. त्याने तसंच केलं.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंचा डबा आला. ठसा घड्याळजीचा, काम तातडीचं, शुक्रवारपर्यंत हवं. त्याने साचा काढला. प्लास्टर वाळत होतं, हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांनी खण उघडला. त्याने मजा म्हणून ती कवळी घड्याळजीच्या साच्यावर टेकवली.

टच्च असा आवाज झाला. कवळी नीट बसली की असा आवाज ओल्या तोंडात होतो. प्लास्टरवर तो होत नाही.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. कवळीवाल्याने आधी तीन दिवसांचं काम वाचलं याचा विचार केला. सव्वीस वर्षं प्रामाणिकपणे घासल्यावर माणसाला एकदा तरी आयतं मिळावं, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने ती जंतुनाशकात बुडवली, पॉलिश केली आणि शुक्रवारी पाठवून दिली. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "कुठेही घासावी लागली नाही हो! आजपर्यंतचं तुमचं सगळ्यात चांगलं काम." त्याने "चालायचंच" म्हटलं.

तिसऱ्या रविवारी घड्याळजी धक्क्यावर होता. त्याच्याजवळ काठी नव्हती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून तो बसला होता. ओठ थोडे विलगलेले.

"सावली पाडतोय पाण्यावर," पोस्टमन कुरकुरला. "विचार त्याला, किती वेळ बसणारेस."

कवळीवाल्याने दुसरंच विचारलं. "काय, कवळी कशी आहे?"

"झकास. कडक टोस्ट खातो," घड्याळजी म्हणाला. "फक्त जराशी ओढते."

"कुठे? हिरडीला?"

"नाही हो. तिकडे." त्याने हनुवटीने पाण्याकडे दाखवलं.

"दुखतं?"

घड्याळजीने थोडा विचार केला. "नाही. बरं वाटतं. कुणीतरी वाट बघत असल्यासारखं."

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, घड्याळजीचे बूट पाचव्या पायरीवर सापडले. टोकं पाण्याकडे. एका बुटात मनगटी घड्याळ, चालू, मिनिटाचाही फरक नसलेलं. लोकांनी दोन दिवस आकडे टाकून तळ खरवडला. एक सायकल निघाली आणि दुकानाचं अर्धं शटर. घड्याळजी निघाला नाही.

रविवारी कवळीवाल्याची घंटी वाजली. त्याने ढील दिली, वाट बघितली, ढील काढली. हाही शिंगाळा गप्प होता. घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि मगच पोट चिरलं.

तीच होती. तेच ठिपके. पुढच्या दोन दातांच्या कडेला एकेक बारीक खाच पडलेली. घड्याळजीला स्प्रिंग दातांत धरायची सवय होती.

त्याने ती घड्याळजीच्या साच्यावर बसवून बघितली. आता ती डुगडुगत होती. तिला दुसरं कुणीतरी हवं होतं. त्याने हे वाक्य मनात पूर्ण होऊ दिलं नाही, पण त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा डबा येईपर्यंत तो तीनदा दारात जाऊन आला. डब्यावर पोस्टमनचं नाव होतं. पोस्टमनचे वरचे शेवटचे तीन दात अखेर काढले होते.

टच्च.

इथे कवळीवाल्याने थांबायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण त्याने शास्त्राचा विचार केला. एकदा घडलं तो योगायोग. दोनदा घडल्याशिवाय विचारी माणूस मत बनवत नाही. आणि दोनदा घडण्यासाठी दुसऱ्यांदा घडू द्यावं लागतं. शिवाय डॉक्टरीणबाईंनी आधीच विचारलं होतं, मागच्यासारखीच होईल ना?

पोस्टमनने कवळी बसवून घेतली तो दिवस रविवार होता. डॉक्टरीणबाई खास त्याच्यासाठी दवाखान्यात आल्या होत्या. घड्याळजी शुक्रवारी घेऊन गेला होता आणि एकविसाव्या दिवशी, शुक्रवारीच, गेला होता. कवळीवाल्याने बोळातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली करायला सुरुवात केली.

"फुल्या कसल्या?" बायकोने विचारलं.

"कामाच्या."

"सात वर्षांत माझ्या आईच्या कवळीची एक फुली नाही केलीत ती?"

दुसऱ्या रविवारी पोस्टमनने बोलता बोलता जबडा चोळला. "झ्याक केलीयस रे. दगड खाईन. फक्त ओढते जराशी." तो हसला. पांढरे, एकसारखे दात, त्यात दोन खाचा. "तुला सांगतो, शिंगाळ्याला काय वाटत असेल ते हल्ली मला कळतं."

"काय वाटत असेल?"

"की हे आपलंच आहे."

एकविसाव्या दिवशी ऊन कडक होतं. वारा नव्हता. दोघांच्या काठ्या शेजारी शेजारी होत्या. तीनच्या सुमारास पोस्टमनने आपली दोरी गुंडाळली, गळ बुचात खोचला, कलेजीच्या डब्याला झाकण लावलं. सगळं नीट, घरी निघाल्यासारखं. मग चपला काढल्या.

"कुठं?" कवळीवाल्याने विचारलं.

पोस्टमन पाण्याकडे वळला. तोंड उघडं होतं. वरचा जबडा थोडा पुढे आला होता आणि बाकीचा पोस्टमन त्याच्या मागून चालला होता.

पहिली पायरी. दुसरी. घोटे, गुडघे, कंबर.

कवळीवाला उठायला गेला, आणि त्याच क्षणी त्याची घंटी वाजली.

तो खाली बसला. ढील द्यायला हवी होती.

पाणी पोस्टमनच्या छातीला लागलं, मानेला लागलं. मग ते तोंडाशी आलं, आणि पोस्टमन एकदम आत गेला, दातांनी आधी. पाण्यावर वर्तुळसुद्धा नीट उठलं नाही.

मासा लहान होता. त्याच्या पोटात काहीच निघालं नाही. कवळीवाल्याने पोलिसांना सांगितलं की आपलं लक्ष घंटीकडे होतं, आणि ते अगदी खरं होतं.

कवळी पुढच्या रविवारी आली.

या वेळी ती धुताना तो शीळ घालत होता. मत बनलं होतं. आणि मत बनल्यावर विचारी माणूस ते उपयोगात आणतो. त्याला उत्तरेची खिडकी दिसत होती. कठड्यावर छटांची पट्टी, खिडकीखाली लांब टेबल, भिंतीला साच्यांची फळी. एकवीस दिवस. सात वर्षांपुढे एकवीस दिवस काहीच नव्हते.

"आई," तो म्हणाला, "या. ठसा घेऊ तुमचा."

सासूबाईंनी खिडकीतून मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "बरं नाही का वाटत, जावईबापू?"

"या आठवड्यात गर्दी नाही."

ठसा घेताना त्यांनी त्याचं बोट चावलं. हिरड्यांनीच, पण मनापासून.

साचा वाळल्यावर त्याने कवळी त्यावर ठेवली आणि आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. उजवीकडे टेकली तर डावीकडे उचलली जात होती. त्याने फळीवरचे सगळे साचे काढले, गेल्या दोन वर्षांतले, एकेकावर बसवून बघितले. एकावरही बसेना. विचारी माणसाने इथे स्वतःला एक प्रश्न विचारला असता. पण इतक्या वर्षांचा कारागीर प्रश्न विचारत नाही, घासतो. त्याने मशीनला खरखरीत दगड लावला आणि दोन दुपारी बसून ती आतून घासली. टाळूच्या वळ्या उडवल्या, कडा खाली आणल्या, गुलाबी भुकटी टेबलावर साचली, त्याच्या नाकात गेली, ओठांवर बसली. भुकटीला चिखलाची चव होती. शेवटी सासूबाईंच्या साच्यावर ती कशीबशी तोलली गेली. वर चिकटवायची पूड मारली की टिकली असती.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी आरशात बघितलं, दोन्ही बाजूंनी. मग एक सफरचंद मागवलं आणि त्याच्यासमोर बसून ते खाल्लं, करकर, सालीसकट.

"ओढते का कुठे?" त्याने विचारलं.

"ओढायला हवी का?"

"नाही नाही. ओढली तर सांगा."

त्याने नवी पहिली फुली केली.

पोस्टमन गेल्यापासून पोस्टमनीणबाई रोज दुपारी सासूबाईंकडे येऊन बसत. दोघींचं बोलणं दाराआडून ऐकू येत नसे, पण कधीकधी ते मध्येच थांबे. कवळीवाल्याला त्याचं काही वाटलं नाही. तो फुल्या मोजत होता. सासूबाई त्याच्यासमोर आल्या की हसत, दात दाखवून. बाकी चिन्ह काही नाही. पाण्याचं नाव नाही.

पाचव्या फुलीच्या दिवशी त्याने चहात बुडवलेला पाव खाल्ला आणि त्यात काहीतरी कडक लागलं. त्याने ते बाहेर काढलं. त्याचा स्वतःचा पुढचा दात होता. मुळासकट, स्वच्छ. रक्ताचा थेंब नाही, दुखलं नाही. भिजलेल्या शेंगेतून दाणा निसटावा तसा.

सहाव्या दिवशी शेजारचा पडला. सातव्या दिवशी सुळा.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च घालून बघितलं आणि म्हणाल्या, हिरड्या तर उत्तम आहेत हो, लहान मुलासारख्या. औषध लिहून दिलं. रोज सकाळी एक दात उशीवर मिळू लागला, आणि फक्त वरचा. त्याने ते एका डबीत ठेवले. चौदा होते. अठराव्या फुलीला डबी भरली.

"अगंबाई," सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता तुमचंही बोलणं मऊ झालं की!"

एकोणिसाव्या दिवशी त्याने स्वतःचा ठसा स्वतःच घेतला. विसाव्या दिवशी साचा काढला. तळहातावर घेऊन ट्यूबलाइटखाली धरला, आणि त्याला तो वळ्यांवरून ओळखू आला. दोन दुपारी बसून दगडाने उडवलेल्या त्याच त्या टाळूच्या वळ्या. त्या कधीच सासूबाईंच्या नव्हत्या.

तो थेट उत्तरेच्या खोलीत गेला. "आई, ती कवळी द्या. जरा दुरुस्त करून आणतो."

"राहू दे. बरी आहे."

"द्या म्हणतो ना!"

"सात वर्षांनी दिलीत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि वीस दिवसांत परत मागता?"

त्याने त्यांचा पेला बघितला, उशीखाली बघितलं, त्या न्हाणीघरात गेल्या तेव्हा कपाट उपसलं. मिळाली नाही. ती रात्र त्याने जागून काढली, तोंडावर हात ठेवून. एकविसाव्या दिवशी दुपारी, बोळातल्या खुर्चीत, टेबलावर कोपर टेकवून, त्याचा क्षणभर डोळा लागला.

आवाजाने जाग आली. टच्च.

सासूबाई समोर उभ्या होत्या. पदराला हात पुसत होत्या. तोंड बोळकं.

"घोरत होतात, तोंड उघडं टाकून," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघावी बसवून. कशी नेमकी बसली! मला मेली कधी धड बसलीच नाही. तुमच्यापुढे तेवढी मिरवायची मी. पाठ फिरली की बाहेर."

कवळीवाल्याने अंगठा तोंडात घातला. कवळी काढायची म्हणजे मागची कड खाली दाबून आत हवा सोडायची; हे तो आयुष्यभर लोकांना शिकवत आला होता. त्याने कड शोधली. कड नव्हती. जिथे घासून खड्डे पाडले होते तिथे सगळं भरून आलं होतं, मऊ, गरम. जिभेला डाव्या शेवटच्या दाढेमागे तीन ठिपके लागले. दोन पुढच्या दातांत खाचा लागल्या.

"पोस्टमनीणबाई सांगत होत्या," सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या ह्यांचीही अशीच बसली होती."

त्या खोलीकडे वळल्या. दारातून उत्तरेचा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला.

"छान उजेड येतो हो इथे दुपारी. तुम्हाला नेहमी आवडायचा." मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आणि हो. आजची फुली राहिली होती. मी केली."

दार लागलं.

कवळीवाला बसून राहिला. दुखत नव्हतं. तोंडात चिखलाची चव होती, आणि ती वाईट नव्हती. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत, आणि नंतर लक्षात आलं की चपला घातलेल्या आहेत.

"आज रविवार नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि काठी नाही घेतलीत ती?"

त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्याने त्यासाठी तोंड उघडलं, आणि मग ते मिटेना.

बाहेर ऊन होतं. त्याने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि वाट बघितली, ओढ बसते का याची. ओढ बसली नाही. दूर खाली, वीटभट्टीच्या मागे, कुणीतरी दोरीतली ढील तेवढी हळूच काढून घेतली.